अवधान आणि उपजीविका

मराठी धर्मविचारात प्रपंच आणि परमार्थ ही जोडी इतकी रुळलेली आहे की तिच्यातला पेच सहसा डोळ्यांआड राहतो. प्रपंच म्हणजे पोटापाण्याचा, घरादाराचा, देण्याघेण्याचा व्यवहार. परमार्थ म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा व्यवहार सोसावा असे माणसाला वाटते ते अंतिम प्रयोजन, मग त्याला कोणी ईश्वर म्हणो, कोणी सत्य म्हणो, कोणी कविता म्हणो. वारकरी परंपरेने या दोहोंत वैर मानले नाही आणि माळी, शिंपी, कुंभार, सोनार, न्हावी अशा कष्टकऱ्यांना संतपदी बसवून ते दाखवूनही दिले; त्यामुळे नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या आजच्या कवीलाही तेच उत्तर पुरेल, असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासायचे असेल तर महाविद्यालयात शिकवणाऱ्या कवीचा दिनक्रम पाहावा, कारण त्याच्या बाबतीत प्रपंचाचे आणि परमार्थाचे साधन एकच असते, आणि ते म्हणजे शब्द. कुंभाराचे हात मातीत असतात तेव्हा त्याची जीभ मोकळी असते; प्राध्यापकाची मात्र जीभच कामाला जुंपलेली असते. तेव्हा ज्या शब्दांवर पोट भरायचे त्याच शब्दांनी साधना करता येते का, आणि येत असेल तर कोणत्या अटीवर, हा या लेखाचा प्रश्न आहे.

परंपरेचे उत्तर एकच एक नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. अरणच्या सावता माळ्याने आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. तो पंढरीला गेला नाही, उलट देवच त्याच्याकडे आला, असे परंपरा सांगते. इथे काम हीच पूजा आहे आणि दोहोंत फट नाही. नामदेवांच्या नावावरच्या गाथेत मात्र आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडी गाऱ्हाण्याचे अभंग आहेत. मुलगा शिवणकाम टाकून देवाच्या नादी लागला, घरात खायला नाही, ही ती तक्रार. तुकोबांचे वाण्याचे दुकान दुष्काळात आणि विरक्तीत बुडाले, आणि त्यांच्या कवितेचा एक मोठा भाग त्या बुडण्यातूनच आला. या दोन्ही ठिकाणी धंदा मागे हटला आणि भजन पुढे गेले. तिसरे उत्तर तेरच्या गोरोबा कुंभारांचे. भजनात तल्लीन होऊन ते चिखल तुडवत असताना रांगत आलेले त्यांचे मूल पायाखाली आले आणि त्यांना ते कळलेही नाही, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. कामात राहून तल्लीन होता येते, पण त्या तल्लीनतेची किंमत भलत्यालाच मोजावी लागू शकते, असे ही कथा सांगते. काम आणि भक्ती यांच्या ऐक्याचे गोडवे गाताना सावतोबांचा मळा आठवतो, गोरोबांचा चिखल मात्र आपण चमत्काराच्या पदराआड झाकतो.

तत्त्वज्ञानाच्या पातळीवर या प्रश्नाची मांडणी गीतेच्या 'स्वधर्म' या संकल्पनेभोवती झाली आहे. स्वधर्म म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले आणि त्याच्या घडणीला साजणारे कर्तव्य. इ. स. 1290 मध्ये नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मांना फुलांची उपमा दिली आहे, आणि ती फुले वाहणे हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा ठरवली आहे. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त संन्यासापेक्षा कर्मयोगाला गीतेचे मुख्य प्रतिपाद्य मानले. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत त्यापुढचे एक सूक्ष्म पाऊल टाकले. त्यांच्या मांडणीत बाहेरून दिसणारी क्रिया म्हणजे कर्म. त्या क्रियेत मन ओतण्याची जी आतली खास क्रिया तिला त्यांनी 'विकर्म' म्हटले. आणि कर्मात विकर्म मिसळले की कर्माचा भार उरत नाही, ती स्थिती म्हणजे 'अकर्म'. ही प्रवचने उतरवून घेणारे साने गुरुजी हे अमळनेरला शाळामास्तरकी केलेले लेखक होते, हा योगायोग या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. विनोबांच्या या भेदामुळे प्रश्न नेमका होतो: प्राध्यापक-कवीचे कर्म ठाऊक आहे, पण त्याचे विकर्म कोणते?

त्यासाठी त्याचा दिवस जवळून पाहावा लागतो, आणि मीरा-भाईंदर हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे, कारण इथल्या बहुतेक नोकरदारांचा दिवस शहराबाहेर घडतो. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, दहिसर आणि वसईची खाडी यांच्यामध्ये वसलेला हा पट्टा एकेकाळी मिठागरांचा, भातखाचरांचा आणि घोडबंदर, काशी, नवघर, राई, मुर्धा, डोंगरी, उत्तन अशा गावांचा होता. 1985 मध्ये नगरपालिका आणि 2002 मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या 1991 च्या सुमारे पावणेदोन लाखांवरून 2011 च्या जनगणनेत 8,09,378 वर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेल्या माणसांत बँकेतला कारकून, हिरेबाजारातला कारागीर, परिचारिका, मालिकांतला दुय्यम नट आणि महाविद्यालयातला अध्यापक हे सगळेच आहेत. सकाळच्या सत्राचे तास सातच्या सुमारास सुरू होतात, म्हणून मीरा रोडला राहून मुंबईत शिकवणाऱ्याला अंधारातच घर सोडावे लागते. बसायला जागा मिळावी म्हणून पुष्कळ जण आधी उलट दिशेने भाईंदरला जातात आणि तिथून सुटणाऱ्या त्याच लोकलने बसून मुंबईकडे येतात; दहा मिनिटे मागे जाऊन अर्धा-पाऊण तास मिळवण्याचा हा हिशेब. प्राध्यापक-कवीचे वाचन, तासाची टिपणे आणि कधी एखादी ओळ या मिळवलेल्या वेळातच होते.

पुढचा दिवस मोजलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे 16 तास आणि वर्षातून 30 आठवडे, दर आठवड्याला 40 तास इतका कार्यभार आहे. त्याखेरीज मस्टर, विद्यार्थ्यांची हजेरी, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या भेटीसाठीच्या फायली, प्रवेशसमिती, पर्यवेक्षण आणि पेपरांचे गठ्ठे असतात. बढतीसाठी गुण मोजणाऱ्या तक्त्यात शोधनिबंधाला गुण आहेत, पुस्तकाला आहेत, अनुवादाला आहेत. कवितेचा म्हणून वेगळा रकाना नाही. हे अन्यायाचे आहे की योग्यच आहे, यावर मतभेद होऊ शकतो. ज्या गोष्टीला परमार्थ म्हणायचे तिला रकाना मिळाला तर ती प्रपंचातच जमा होईल, असेही म्हणता येते.

याच लोकलच्या डब्यांत सावतोबांच्या उत्तराचे एक जिवंत रूप भेटते. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळे ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात चढतात. कोणी पिशवीतून टाळ काढतो, कोणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, आणि कारखान्यात किंवा कचेरीत जाणारी माणसे उभ्या उभ्या अभंग म्हणतात. त्यांचे स्टेशन आले की टाळ पिशवीत जातात आणि माणूस कामाला लागतो. ही व्यवस्था टिकते, कारण भजनाचा शब्द आणि कचेरीचा शब्द वेगळे आहेत. खातेवहीत लिहिताना अभंग झिजत नाही. प्राध्यापक-कवीला ही सोय नाही. तो ज्या कवितेवर जीव टाकतो तीच त्याला सकाळी दोन तुकड्यांना समजावून सांगायची असते, तिचे 'संदर्भासहित स्पष्टीकरण' काढायचे असते आणि तिच्यावरचा प्रश्न पाच गुणांत बसवायचा असतो. वेळ मिळत नाही ही कवींची नेहमीची तक्रार असते आणि ती खरीही असते, पण प्राध्यापक-कवीचा खरा धोका शब्द झिजण्याचा आहे. वर्षानुवर्षे 'कवीला येथे असे म्हणायचे आहे' या एका वाक्यातून जगातली सारी कविता गाळून घेतली की स्वतःची ओळ लिहितानाही लेखणी स्पष्टीकरणाच्या वळणाने जाऊ लागते.

शब्दाच्या या दुबळेपणाचा सर्वांत खोल विचार मराठीत ज्ञानेश्वरांनीच 'अमृतानुभवा'त केला आहे. त्यातल्या शब्दखंडनाच्या प्रकरणात शब्दाची थोरवी आधी मोकळेपणाने मान्य केली आहे: शब्द आठवण करून देतो, आरशासारखा उपयोगी पडतो. पण जे स्वयंप्रकाश आहे तिथे शब्दाला काही करायचे उरत नाही, असा त्या विवेचनाचा रोख आहे. हा विचार आत्मज्ञानाविषयीचा आहे, कवितेच्या तासाविषयीचा नाही; तरी त्यातून अध्यापकाला आपल्या कामाची मर्यादा कळू शकते. कविता विद्यार्थ्याच्या हातात देता येत नाही. शिक्षकाचा शब्द फार तर आठवण करून देतो. जे विद्यार्थ्याच्या अनुभवात आधीच आहे, पण ज्याला अजून नाव मिळालेले नाही, त्याची आठवण. स्पष्टीकरणाने याहून जास्त करू पाहिले की ते कवितेच्या जागी स्वतः येऊन बसते. विशेष म्हणजे या 'अमृतानुभवा'चे अर्वाचीन मराठीत रूपांतर केले ते विंदा करंदीकरांनी, आणि त्यांचा पेशा इंग्रजी शिकवण्याचा होता.

करंदीकरांचे उदाहरण इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवत असतानाच 'स्वेदगंगा' (1949), 'मृद्गंध' (1954), 'ध्रुपद' (1959), 'जातक' (1968) हे त्यांचे संग्रह आले, आणि ॲरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र', गटेचे 'फाउस्ट', शेक्सपिअरचे 'राजा लिअर' हे अनुवादही झाले. वर्गात जे समजावून द्यायचे ते त्यांनी मराठीतही आणले, आणि अखेरीस 'अष्टदर्शने'त देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल यांच्यापासून चार्वाकापर्यंतची दर्शने अभंगाच्या घाटात मांडली. म्हणजे समजावणीलाच त्यांनी छंद दिला. त्यांच्या आधीच्या पिढीत माधव जूलियन फारसी शिकवत. फारसी-मराठी कोश आणि मराठी वृत्तांची शास्त्रशुद्ध मांडणी करणारी 'छंदोरचना' ही त्यांची अध्यापकी कामे आणि मराठीत गझल रुजवणारी त्यांची कविता एकाच मुळावर वाढली. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातून आलेले निस्सीम इझिकेल 1961 ते 1972 या काळात विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. मराठीत ज्याप्रमाणे तुकोबा देवाशी भांडतात, तसे श्रद्धा आणि संशय यांचे भांडण त्यांच्या इंग्रजी कवितेत रोजच्या मुंबईच्या बोलीत उतरले. बेळगावला ट्रेनिंग कॉलेजात शिकवणाऱ्या इंदिरा संतांची कथा वेगळी. 1946 मध्ये पती ना. मा. संत गेल्यावर त्यांनी नोकरी आणि घर दोन्ही एकटीने ओढले, आणि तरी 'शेला', 'मेंदी' या संग्रहांत अध्यापकाचा आवाज कुठे ऐकू येत नाही. तिथे शब्द समजावून सांगत नाही, फक्त जवळ येऊन बसतो. करंदीकरांनी वर्ग आणि कविता यांच्यातली भिंत पाडली, इंदिराबाईंनी ती जपली. दोन्ही वाटांनी कविता झाली, म्हणजे साधना होते की नाही याचा निर्णय या भिंतीवर अवलंबून नसावा.

तो कशावर अवलंबून आहे, याचे सूत्र ज्ञानेश्वरीतल्याच एका शब्दात सापडते: अवधान. अवधान म्हणजे मन दुसरीकडे न जाता एका ठिकाणी लावणे. त्यात जबरदस्ती नसते, पण जागेपण असते. ज्ञानेश्वरी हे 'निरूपण' आहे, म्हणजे मूळ ग्रंथातला अर्थ श्रोत्यांसमोर उलगडून दाखवणे. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची ही टीका मराठीतली श्रेष्ठ कविताही आहे. म्हणजे स्पष्टीकरण हे कवितेचे शत्रू असतेच असे नाही, याचा मराठीतला सर्वांत मोठा दाखला हाच. पण नवव्या अध्यायाच्या आरंभी निरूपणकार श्रोत्यांकडे एकच मागणे मागतो, अवधानाचे, आणि पुढे लगेच आपले हे मागणे धिटाईचे झाले म्हणून त्यांच्यापुढे नम्र होतो. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही अवधानाने बांधले गेले की निरूपण कविता होते; ते सुटले की कविताही गाईडमधली टीप होते. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आणि गीतेसाठी संस्कृत शिकलेल्या सिमोन वेइल यांनी जवळपास याच ठिकाणी बोट ठेवले. भूमितीचे उदाहरण सोडवणे किंवा परभाषेतला उतारा लावणे यांचे खरे मोल उत्तर बरोबर येण्यात नसून लक्ष देण्याची जी शक्ती त्यातून वाढते तिच्यात आहे, आणि तीच शक्ती प्रार्थनेच्या आणि दुःखी माणसाकडे पाहण्याच्या कामी येते, असे त्यांचे म्हणणे होते. विनोबांच्या भाषेत सांगायचे तर अवधान हे अध्यापकाचे विकर्म आहे.

हे मोठे शब्द प्रत्यक्षात किती लहान जागेत खरे ठरतात, ते पेपरांच्या गठ्ठ्यात दिसते. समजा, पावसावरच्या एखाद्या कवितेचे रसग्रहण विचारले आहे. साठ उत्तरपत्रिकांपैकी पन्नासांत तेच वाक्य येते की कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे. ते गाईडमधून आलेले असते, आणि अध्यापकाने वर्गातही तेच सांगितलेले असू शकते. पण वर्ग भाईंदरच्या महाविद्यालयातला असेल तर त्यात घरी गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू बोलणारी मुले असतात, आणि उत्तन-पालीकडून येणारी कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली मुलेही असतात. तशा एखाद्या मुलीने लिहिलेले असते की पावसात होड्या ओढून वर घेतात, म्हणून पाऊस म्हणजे बाबा घरी असणे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. जाळी घरात येतात आणि माणसेही. त्या मुलीच्या वाक्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका असतात, नमुना उत्तरातला एकही मुद्दा नसतो, आणि कविता तिला कळलेली असते. रात्री अकरा वाजता, एकेचाळिसाव्या पेपरावर, हे वाक्य तपासणाऱ्याच्या डोळ्यांना दिसते की नाही, एवढाच इथे परमार्थाचा प्रश्न उरतो. ज्याला ते दिसले त्याने त्या रात्री एक ओळही लिहिली नाही तरी कवीचे काम केले आहे, कारण कवितेला जे डोळे लागतात तेच त्याने वापरले. आणि ज्याला ते दिसले नाही त्याने घरी जाऊन पावसावर कविता लिहिली तर ती त्या पन्नास उत्तरांसारखीच होण्याचा संभव आहे.

भाषेच्या बाबतीतही हेच लागू होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, आणि 2025 च्या जुलैत मराठीच्या प्रश्नावरून मीरा रोडला आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. भाषेच्या हक्कासाठी रस्त्यावर येणे हे नागरिकाचे काम आहे आणि त्याचे मूल्यमापन त्याच कसोटीवर व्हावे. मराठी शिकवणाऱ्या कवीवर मात्र आणखी एक जबाबदारी येते: ज्या मुलाच्या घरात मराठी नाही त्याला ती आपली वाटेल असा एक तरी तास घेणे. त्या तासाला अवधानाखेरीज कोणतेही भांडवल पुरत नाही.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मोठ्या संख्येने अध्यापक 'तासिका तत्त्वा'वर शिकवतात. म्हणजे नियमित वेतन नाही, घेतलेल्या तासांपुरते मानधन, सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षीची हमी नाही. एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या आणि महिनोन्‌महिने मानधनाची वाट पाहणाऱ्या अशा माणसाला अवधानाचे आणि निष्काम कर्माचे, म्हणजे फळाची आस न धरता काम करण्याचे, धडे देणे ही क्रूर थट्टा होईल. इतिहासही याची आठवण देतो. चोखोबांच्या वाट्याला आलेले काम त्यांनी निवडलेले नव्हते, जातीने लादलेले होते; मंगळवेढ्याला वेठीने भिंत बांधताना तिच्याखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या अभंगांत भक्तीइतकाच देवाला विचारलेला जाबही आहे. 'काम हीच पूजा' हे वाक्य काम निवडणाऱ्याच्या तोंडी शोभते, काम लादणाऱ्याच्या तोंडी नाही. निष्कामता ही करणाऱ्याने स्वतःपुरती घ्यायची शिस्त आहे. मोबदला थकवणाऱ्याला ती सबब म्हणून वापरता येत नाही. शिवाय अवधान हे निव्वळ इच्छेने येत नाही. त्याला झोप लागते, थोडी निश्चिंती लागते, बसायला जागा लागते. म्हणून अध्यापकाला पुरेसे वेतन मिळणे हा केवळ प्रपंचाचा प्रश्न राहत नाही. त्याची भाकरी हिरावणारी व्यवस्था त्याचे आणि पर्यायाने विद्यार्थ्याचे अवधानही हिरावून घेते.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा पाहता येईल. शब्दावर पोट भरूनही शब्दाची साधना होऊ शकते. सावतोबांसारखी सहज मात्र नाही, कारण इथे मळा आणि मंदिर यांच्या मधली वाट तीच ती जीभ रोज तुडवत असते. आणि तल्लीनता हीच साधना मानणाऱ्या कवीने गोरोबांची कथा विसरू नये. स्वतःच्या कवितेत इतके बुडून जायचे की समोरच्या बाकावरचे पोर पायाखाली आलेले कळू नये, हा प्राध्यापक-कवीचा खास अपराध आहे, आणि कवी म्हणून नाव झाले की तो बहुधा माफही होतो. गोरोबांच्या कथेत पुढे पंढरपुरात कीर्तन चालू असताना त्यांचे मूल परत येते. महाविद्यालयाच्या वर्गात तशी सोय नाही. सत्र संपते, तुकडी पांगते, आणि ती मुलगी पुन्हा पावसावर कधी लिहीत नाही. म्हणून या पेशातल्या साधकाला डोळे मिटून चालत नाही, आणि चिखल तुडवताना त्याची नजर पायाशी असावी लागते.